बर्फाच्या कारखान्याचा ओटा

परीक्षेचा मोसम आता दाराआडूनच ओळखावा लागतो. आमच्या मजल्यावर यंदा दोघे दहावीला आहेत, एक मुलगी बारावीला. तिघांचीही दारं बंद. आत एसी, टेबलावर दिवा, ज्याची त्याची वेगळी खोली. त्यांच्या आया लिफ्टमध्ये भेटल्या की दबक्या आवाजात बोलतात, घरात कुणी आजारी असावं तशा. मी एकीला विचारलं, ही मुलं एकत्र बसून अभ्यास का नाही करत? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना एकत्र विड्या ओढायला सुचवलंय. मी गप्प बसले. म्हातारपणी गप्प बसायची कला माणसाला हळूहळू साधते म्हणतात. मला ती पंचविशीच्या आतच साधली होती.

मार्चच्या दुपारी वारा फिरला की वेसाव्याच्या कोळीवाड्याकडून सुक्या बोंबलांचा वास येतो. सोसायटीतले लोक खिडक्या लावून घेतात आणि व्हॉट्सअॅपवर तक्रारी करतात. मी खिडकी उघडते. त्या वासात मला मॅट्रिकचा भूगोल आठवतो, बीजगणित आठवतं, आणि अमोनियाचा एक बारीकसा, नाकाला झोंबणारा वास आठवतो. बोंबील, बीजगणित आणि अमोनिया यांचा एकमेकांशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर त्याला माझ्याबरोबर थोडं मागे यावं लागेल.

मी लग्न होऊन अंधेरीत आले ती सत्तर सालाच्या आसपास. माहेर देवगडकडचं. नवरा फिटर. कुठे वीजघर उभं राहायचं, कुठे साखर कारखाना. जिथे बांधकाम तिथे हा. लग्नानंतर जेमतेम पंधरवडा राहिला आणि मग जो गेला तो सणासुदीला पाहुण्यासारखा येऊ लागला. माणूस चांगला होता, पण लांब होता. घरात मी आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामंजींचं आयुष्य गिरणीत मागांच्या खडखडाटात गेलेलं, कान अधू झालेले, आणि घरात माणसं बोलतात ही गोष्ट ते बहुतेक विसरूनच गेले होते. शिवाय सुनेनं सासऱ्याशी बोलायचं ते काय? पान वाढलंय, पाणी तापलंय, पोस्टमन येऊन गेला. एवढ्यात आमचा दिवस आटपायचा.

निवृत्त झाल्यावर मामंजींनी लालबागची चाळीतली खोली सोडून इथल्या नव्या इमारतीत घर घेतलं होतं. या इमारतीची मोठी श्रीमंती अशी की नळ, मोरी, संडास सगळं घराच्या आत. गॅलरी नाही, सार्वजनिक काही नाही. चार दारं एका जिन्यावर उघडायची आणि लगेच बंद व्हायची. लालबागच्या चाळीत पाण्यावरून भांडणं व्हायची, इथे भांडायलाही कुणी भेटत नव्हतं. आपल्या घरात सगळं आहे याचा अर्थ आता कुणाकडे जायची गरज नाही, हे मला तिथे कळलं. मामंजी खिडकीत बसत. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. मी स्वयंपाकघरात बसत असे, तिथून मला तीच भिंत दिसायची, थोडी तिरकी.

मला फार एकटं वाटायचं. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. कधीकधी दुपारी मी भांडी मुद्दाम आदळत असे, घरात आवाज व्हावा म्हणून. मामंजींना तो ऐकू जात नसे.

माझं मॅट्रिकचं वर्ष लग्नात वाया गेलं होतं. एकदा जेवताना मी धीर करून म्हटलं की बाहेरून परीक्षेला बसू का. मामंजी बराच वेळ भात कालवत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, “बस गो. हंय दोघांनी भितीकडे बघीत रवण्यापरास बरा.” भिंत त्यांनाही दिसत होती, म्हणजे.

पुस्तकं आली, पण घरात अभ्यास होईना. शांतता भरपूर होती, ती नको इतकी होती. तेव्हा कुणीतरी सांगितलं की वेसाव्याच्या रस्त्यावर बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात अभ्यासिका निघाली आहे.

हल्ली जुन्या इमारतींचा नव्याने वापर करणं याला फार मान आला आहे. त्यावर व्याख्यानं होतात, तरुण आर्किटेक्ट स्लाइड दाखवतात. आमच्या वेळी त्याला असं काही नाव नव्हतं. जागा रिकामी होती, मालक भला होता, मग जाऊन बसलो. समुद्राकाठी नवा, मोठा बर्फ कारखाना झाला आणि हा जुना बंद पडला. ड्रॉइंगचे एक निवृत्त मास्तर होते, दळवी मास्तर. आमच्या भागातल्या मंडळाचे ते चिटणीस. त्यांनी मालकाच्या पायऱ्या झिजवून ती जागा मुलांच्या अभ्यासासाठी मिळवली, स्वतः पोरांबरोबर झाडली, आणि दारावर सुबक अक्षरात पाटी रंगवली. उंच, शिडशिडीत माणूस. खिशात नेहमी खडूचा तुकडा, आणि डोळ्यांत आपण समाजाचं काही देणं लागतो अशी काळजी.

आत शिरलं की पहिल्यांदा गारवा अंगाला लागायचा. भिंती हातभर जाड, त्यांना आतून बुचाचं अस्तर आणि वर डांबर. वर्षानुवर्षं तिथे बर्फ धरला होता. कारखाना बंद झाला तरी त्या भिंतींनी आपलं काम सोडलं नव्हतं. बाहेर मार्चचं ऊन रस्त्याचं डांबर वितळवत असे आणि आत आम्ही अंगावर पदर ओढून बसत असू. भरदुपारी भिंती थोड्या तापल्या की बर्फ गोठवायला वापरलेल्या अमोनियाचा वास कुठूनतरी यायचा आणि पोरं शिंकू लागायची.

आणि जमीन. तशी जमीन मी पुन्हा कुठे पाहिली नाही. खाली मिठाच्या पाण्याची मोठी टाकी होती, तिच्यात पत्र्याचे डबे बुडवून बर्फाच्या लाद्या करत. त्या डब्यांवरची चौकोनी लाकडी झाकणं, ओळीने, हीच जमीन. टाकी आता कोरडी होती. चाललं की खालून पोकळ आवाज यायचा. कोण आलं ते मान वर न करताच कळे. प्रत्येकाने एकेक झाकण धरलेलं. एक झाकण, एक पाट, एक माणूस. माझं झाकण भिंतीकडच्या ओळीतलं, कोपऱ्यावर लोखंडी कडी असलेलं. बुचाच्या भिंती आवाज गिळून टाकत, त्यामुळे शेजारच्या झाकणावरचा पोरगा पुटपुटत असला तर त्याचे नुसते ओठ हलताना दिसत. इतकी माणसं आणि प्रत्येक जण आपापल्या चौकोनात. आत मी घरच्यासारखीच एकटी होते.

पण आत जाण्याआधी बाहेरचा ओटा चढावा लागे, आणि मला खरं तर सांगायचं आहे ते त्या ओट्याबद्दल.

कारखान्याच्या पुढच्या अंगाला दगडी ओटा होता, इमारतीच्या रुंदीभर लांब. बैलगाडीच्या फळीला नेमका लागावा इतका उंच, म्हणजे माझ्या छातीपर्यंत. लाद्या वरून गाडीत सरकवायच्या, माणसांनी चढायचं नव्हतंच, म्हणून पायऱ्या केल्याच नव्हत्या. कामगार मागच्या दाराने येत. मागचं आवार मालकाने एका गॅरेजवाल्याला दिलं, मागचं दार बंद झालं, आणि राहिला तो हा ओटा. मधोमध एक दगड किंचित पुढे आलेला होता. त्यावर पाय टेकवायचा आणि वरच्या माणसाने हात धरून ओढायचं, हीच वर जायची रीत. पोरं उड्या मारून चढत. बायका, म्हातारी माणसं, जडशी माणसं यांना कुणाचा तरी हात लागेच. पहिला आलेला दुसऱ्याची वाट पाहत खाली उभा राही, आणि वाट पाहता पाहता काहीतरी बोलणं निघे.

पहिल्या दिवशी मी पुस्तकं ओट्यावर ठेवली आणि त्या दगडावर पाय देऊन बघू लागले. साडी गुडघ्यात अडकली. तेवढ्यात वरून आवाज आला, “एकली वर येतंस? परशील गो. हात दे.”

वर एक कोळीण बसली होती. पुढ्यात मांदेलीची पाटी, बाजूला मासे कापायची मोरळी, केसांत अबोलीची वेणी. वयाने माझ्या आईएवढी. नाव हिराबाय. तिने माझं मनगट धरलं आणि एका झटक्यात मला वर घेतलं. तिच्या हाताला मासळीचा वास होता आणि तो हात गार होता. कित्येक आठवड्यांत कुणीही मला हात लावला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. नवरा तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला. मामंजी सासरे, त्यांच्या पायांना सणाला वाकून नमस्कार करायचा, तेवढाच. मी तिथेच, पुस्तकं छातीशी धरून, खुळ्यासारखी उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं. हिराबायला वाटलं, मनगट दुखावलं.

तिने नाव विचारलं. मी सुनंदा सांगितलं. ती म्हणाली, हे सासरचं, आयशीनं ठेवलेलं सांग. माझं माहेरचं नाव कुसुम. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं गेलं त्या दिवसापासून ते कुणी घेतलं नव्हतं. त्यानंतर हिराबाय मला कुसुमच म्हणू लागली.

बर्फाच्या कारखान्यात कोळणीचं काय काम, असं मला आधी वाटलं होतं. मग कळलं की ती लग्न होऊन आली तेव्हापासून इथे बर्फ घ्यायला यायची. पुढे सून आली, आणि त्यांच्यात रीतच आहे, बाजारातली सासूची बसायची जागा सुनेला द्यायची. तिच्या सासूने तिला दिली, तिने सुनेला दिली. दिली ती आनंदाने दिली, पण मग दिवसभर करायचं काय? घरी बसून तिचे हात दुखायला लागले, असं ती म्हणायची. तेव्हा थोडी मासळी घेऊन ती या ओट्यावर येऊ लागली. कारखाना चालू होता तेव्हाही, बंद पडल्यावरही, आणि आत पोरं पाढे घोकू लागली तेव्हाही. ओटा तिला सोयीचा होता. ती वर बसलेली, गिऱ्हाईक खाली रस्त्यावर उभं, पाटी बरोबर नजरेसमोर. कुणाला वाकावं लागत नसे, आणि भाव करताना दोघांची तोंडं समोरासमोर येत.

अभ्यासिकेतल्या काही शाकाहारी पालकांनी वासाची तक्रार केली होती. दळवी मास्तर स्वतः माशांशिवाय जेवत नसत, त्यामुळे ती तक्रार त्यांच्या खडूच्या खिशात कुठेतरी हरवली.

हळूहळू मी घरून लवकर निघू लागले. कागदावर मी अभ्यासाला जात होते. प्रत्यक्षात निम्मा वेळ ओट्यावर जाई. हिराबाय मासे साफ करी, मी मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसे. ती विचारी, आज काय वाचतंस? मी सांगे, भरती-ओहोटी. पुस्तकात काय लिहिलंय ते ती लक्ष देऊन ऐकून घेई आणि म्हणे, असंल. मग ती तिच्या नातवाचं सांगे, सुनेचं सांगे. सून वाईट नव्हती, फक्त घाईत असायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघी नुसत्याच बसून रस्ता बघत असू. इतर माणसं येत, हिराबाय त्यांना वर घेई. पेन्शनीत निघालेले एक कारकून पेपर वाचायला येत, त्यांना आम्ही दोघी मिळून ओढत असू आणि ते दर वेळी ‘माफ करा हं’ म्हणत. त्या ओट्यावर कुणी कुणाचं नव्हतं, पण वर आलेला प्रत्येक माणूस कुणीतरी वर घेतलेला होता. त्यामुळे पहिल्याच मिनिटाला ओळख झालेली असे. ज्याचा हात धरून आलो त्याला पाठ दाखवून बसता येत नाही.

ज्याने तो ओटा बांधला त्याने बैलगाडीचा विचार केला होता. माणसांचा त्याच्या डोक्यात विचारही नव्हता. आणि माणसांचा विचार करून बांधलेल्या आमच्या नव्या इमारतीत जिन्यावरची चार दारं बंद होती. हे मला तेव्हा असं मांडता आलं नसतं. तेव्हा एवढंच कळे की सकाळी मला घाईने निघावंसं वाटतं आणि संध्याकाळी पाय निघत नाही.

भीती एकच होती. मार्च संपला की परीक्षा संपणार. परीक्षा संपली की तिथे जायला निमित्त उरणार नव्हतं. घरातली सून मासेवालीशी गप्पा मारायला रोज मैलभर चालत जाते, हे कुणाला सांगणार? मामंजींनी अभ्यासाला परवानगी दिली होती, ओट्याला नव्हे. सगळी पोरं परीक्षा कधी एकदाची उरकते म्हणून दिवस मोजत होती आणि मी ती पुढे ढकलली जावी म्हणून देवाला सांगत होते.

परीक्षेला दोन-तीन आठवडे उरले असताना शिमगा आला. वेसाव्याचा शिमगा म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच विचारावं. हिराबाय आठवडाभर आधीपासून अंगात आल्यासारखी बोलत होती. निघताना म्हणाली, “मी येनार नाय आता. तूच ये आमचे कोलीवाऱ्यान. सगल्यांना सांगीन, ही माजी कुसुम.” मी हो म्हटलं. गेले नाही. कुणाबरोबर जाणार, आणि मामंजींना काय सांगणार, या विचारातच ते दिवस गेले.

त्या दिवसांत मी अभ्यासिकेत जायची तर ओटा रिकामा. पेन्शनर कारकून सणाला मुलीकडे गेलेले. पोरं येत, टणकन उडी मारून वर जात. पोरं वाईट नव्हती. उलट फार सभ्य होती, आणि तीच अडचण होती. लग्न झालेल्या बाईचा हात कसा धरायचा म्हणून ती बिचारी खाली मान घालून मला ओलांडून जात. एकाने तर माझी पुस्तकं तेवढी वर नेऊन ठेवली आणि फार मोठं काम केल्यासारखा आत गेला. मी खाली उन्हात उभी. सावली नाही. कुणीतरी बाई येईल, मग जाऊ, असं म्हणत मी भिंतीला टेकून इतिहास वाचत राहिले.

तसं दळवी मास्तरांनी मला पाहिलं. एकदा नव्हे, रोज. त्यांना फार वाईट वाटलं असणार. अभ्यासिका आपण काढली आणि एक शिकू पाहणारी बाई दाराबाहेर उन्हात उभी, हे त्यांच्याने बघवेना. त्यांनी कुठूनतरी विटा मिळवल्या, मंडळातल्या एका गवंड्याला हाताशी धरलं आणि शिमग्याचा आठवडा संपायच्या आत ओट्याला पायऱ्या केल्या. रुंद, ऐसपैस, कडेला लोखंडी नळीचा कठडा. पहिल्या पायरीवर स्वतः हळदकुंकू वाहिलं. मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि म्हणाले, “वहिनी, आता कुणाचा हात धरायला नको.”

मी त्यांना मनापासून धन्यवाद दिले. आणि चढून गेले. किती सोपं होतं ते.

पायऱ्या मधोमध आल्या होत्या, म्हणजे हिराबायच्या बसण्याच्या जागेपुढे. शिमग्याहून ती परतली, अंगावर अजून रंग, आवाज बसलेला. पाटी डोक्यावर घेऊन ती पायऱ्यांपुढे थांबली. बरं झालं, म्हाताऱ्या मानसांना बरं झालं, असं म्हणून ती वर आली आणि ओट्याच्या एका टोकाला जाऊन बसली. तिथे दुपारचं ऊन यायचं. मासळी लवकर नरम पडायची. गिऱ्हाईक सवयीने मधेच यायचं, पायऱ्या दिसायच्या, पाटी दिसायची नाही, तसंच पुढे जायचं. ती पाटीवर ओलं गोणपाट टाकून बसून राही. आम्ही बोलत असू, पण मी आता थेट आत जाऊ शकत होते, आणि माझ्या मागून येणारी माणसंही थेट आत जात होती. पेन्शनर परतले. कठडा धरून सावकाश चढले, आमच्याकडे बघून मान हलवली आणि पेपर घेऊन आत गेले. त्यांना माफी मागायचं कारण उरलं नव्हतं.

पुढचं सगळं आपोआप झालं. पायऱ्या झाल्या तशी कुत्री वर येऊन झोपू लागली. मग संध्याकाळी पिऊन आलेली माणसं पायऱ्यांवर बसू लागली. पालकांनी गिल्ला केला. म्हणून मास्तरांनी ओट्याला लोखंडी जाळी लावली, जाळीला दार, आणि दाराला कुलूप. ज्यांच्याकडे अभ्यासिकेचं कार्ड त्यांच्यासाठी कुलूप उघडायचं. एकेक गोष्ट बघितली तर चुकीचं कुणीच काही केलं नाही. कुत्री नकोतच. दारुडे नकोतच. पण जाळी बसल्यावर हिराबाय आतल्या बाजूला राहते की बाहेरच्या, हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि तिने तो कुणाला विचारायला लावला नाही. एके दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझी परीक्षा दोन दिवसांवर होती.

मी माझ्या झाकणावर बसून उजळणी केली. पोरांचे ओठ हलत होते. अमोनियाचा वास येत होता. जाळीतून रस्त्यावर चौकोन चौकोन दिसत होते. पेपर बरे गेले. भरती-ओहोटीवर प्रश्न आला होता, मी तो भरभरून लिहिला.

ती इमारत अजून उभी आहे. अभ्यासिकेनंतर तिथे शिधावाटप दुकान झालं, मग एका पुढाऱ्याचं कार्यालय, मग बरीच वर्षं नुसतंच गोदाम. आता कॉफीचं दुकान आहे. मागच्या वर्षी आमच्या शेजारणीने मला तिथे नेलं. लाकडी झाकणं काचेखाली ठेवली आहेत, वर दिवे सोडले आहेत, भिंतीवर जुन्या कारखान्याचा फोटो. सगळं फार नीट जपलंय, कौतुक करावं तेवढं थोडं. माणसं एकेक टेबल घेऊन बसली होती, प्रत्येकापुढे लॅपटॉप, कानांत बोंडं. तासभर तिथे कुणी अनोळखी माणसाशी बोललं नाही. मला अभ्यासिकेतली दुपार आठवली, इतकं ते तसंच होतं. इमारतीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्याकडून आपण जे मागतो ते ती देते. आम्ही तिच्याकडे सोय मागितली.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले, बऱ्यापैकी मार्कांनी. मामंजींनी पेढे आणले, माझ्या नवऱ्याला तार केली, आणि त्या दिवशी जेवताना चक्क दोन-तीन वाक्यं जास्त बोलले. मी त्यांच्यासाठी खूश झाले. पण ज्या कुणाला ही बातमी पहिल्यांदा सांगायची होती ती घरात नव्हती.

मासळी आणायची म्हणून पिशवी घेतली आणि मी बाजारात गेले. कोळणींच्या ओळीत हिराबायची सून सापडली. नेहमीची घाईत, तिखट आवाजाची, फळीवर ऐसपैस बसलेली. हिराबाय तिच्या मागे होती, भिंतीच्या कडेला, एका पाटावर. पुढ्यात सोलायच्या करंदीचा, म्हणजे बारीक कोळंबीचा, ढीग. फळीवर दोघींपुरती जागा नसते. मी सुनेच्या खांद्यावरून वाकून तिला सांगितलं, पास झाले म्हणून.

तिने मान वर केली नाही. हात चालूच होते.

“मना वाटलं व्हतं, तू नापास व्हशील,” ती म्हणाली. मग आणखी दोन करंद्या सोलून म्हणाली, “म्हंजे पुन्यांदा बसली असतंस. पुन्यांदा आली असतंस तिथं.”

 त्या ओट्यावर एकटी पडलेली मीच तेवढी आहे, अशी माझी समजूत होती. मला तिला सांगायचं होतं की मीही देवाकडे तेच मागितलं होतं. पण मधे सून होती, आजूबाजूला गिऱ्हाइकं रेटत होती, आणि सुनेने मला विचारलं, काय देऊ बाई, लवकर सांगा.

काही न घेता तिथे उभं राहता आलं नसतं. मी एक वाटा करंदी मागितली. सुनेने ती पिशवीत टाकायला उचलली, तेव्हा मी म्हटलं, सोलून द्या. सून म्हणाली, वेळ लागंल. मी म्हटलं, लागू दे, मी थांबते.

तिने वाटा मागे सरकवला. हिराबायने तो पुढ्यात ओढून घेतला. आतापर्यंत तिचे हात भराभर चालले होते. माझा वाटा हाती आल्यावर मात्र ती एकेक करंदी उचलून, अगदी सावकाश सोलायला लागली.